विचारपूसवाल्यांचं बाळ

बाळ पोटात असताना नोएमियाने जगातल्या सगळ्या गोष्टींची काळजी करून घेतली होती, एक आडनावाची तेवढी राहून गेली. ती आठवली दवाखान्यातून सासरी येताना. बाळाच्या खुर्चीचा पट्टा पुन्हा एकदा तपासून तिने मान वर केली, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्याच पाट्या. लैतांव. उत्तम लैतांव. गरमागरम लैतांव, घरी नेण्याची सोय.

लैतांव म्हणजे डुकराचं दूधपितं पिल्लू. बायराडा भागात ते साल चुरचुरीत होईस्तोवर लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि ते खायला लोक लिस्बनहून गाड्या काढून येतात. नोएमियाच्या नवऱ्याचं आडनावही लैतांवच होतं. तिचं माहेरचं कुएल्यू, म्हणजे ससा. रीतीप्रमाणे आधी आईचं आडनाव, मग बापाचं. म्हणजे तिचा तोमे जन्मभर तोमे कुएल्यू लैतांव म्हणून मिरवणार. हे नाव नव्हतं, खानावळीतली दोन ताटं होती.

शाळेत असताना तिच्या दप्तरात रोज कोणी ना कोणी गाजर टाकायचं. ते तिने देलियूला, म्हणजे नवऱ्याला, गाडीतच सांगितलं. देलियू हसला. म्हणाला, अगं, देशात हजारो कुएल्यू आहेत, लैतांवही काही कमी नाहीत. कानाला इतकी सवय झालीय की अर्थ कोणाला ऐकूच येत नाही. पेरैरा म्हणजे नासपतीचं झाड. म्हणून पेरैरांना हलवून कोणी फळं पाडतं का?

"नासपतीला चुरचुरीत साल नसते," नोएमिया म्हणाली. "आणि तुझ्या बाबांच्या भट्टीबाहेर माझ्या मुलाचं आडनाव लिहिलंय. खाली किलोचा भाव."

यावर देलियूने रस्त्याकडे लक्ष दिलं.

दवाखान्यातली नोंदणीची खिडकी त्या दिवशी बंद होती आणि कचेरीची वेळ पुढच्या सोमवारची मिळाली होती. म्हणजे हातात आठवडा होता. नोएमिया शिकलेली, तिने कायदा वाचून काढला. आईबापांपैकी कोणाच्याही वाडवडिलांचं आडनाव दाखल्यानिशी मुलाला देता येतं, हे वाचून तिला हायसं वाटलं. दोन्हीकडचे मिळून एवढे पूर्वज. त्यांत एखादा तरी धड निघेलच की.

ती आगीतून फुफाट्यात पडली. तिच्या आईचं माहेरचं आडनाव पिंटो, म्हणजे कोंबडीचं पिल्लू. सासूबाईंचं, दोना इदालिनांचं, माहेरचं त्यांनी काही केल्या सांगितलं नाही. शेवटी भांडी विसळता विसळता पाठमोऱ्या बोलल्या, "बाराता." बाराता म्हणजे झुरळ. सासूबाईंनी पुढे पुस्ती जोडली, की लग्नात लैतांव मिळालं तेव्हा त्यांना बढती मिळाल्यासारखं वाटलं होतं.

आडनाव आलं कुठून, हे विचारावं तर सासरे सेन्योर आर्मिंदू भट्टीपुढे छाती काढून उभे राहत. एका राजाला रानात भूक लागली, आमच्या मूळपुरुषाने आपलं एकुलतं एक पिल्लू भाजून पुढे ठेवलं, राजाने बोटं चाटत हे नाव बहाल केलं. कोणता राजा, असं नोएमियाने विचारलं. ते म्हणाले, भुकेलेला. सासूबाईंचं म्हणणं, मूळपुरुष लठ्ठ आणि गुलाबी असणार, आरशात बघा म्हणजे कळेल.

मग तिने बाळाला छातीशी बांधलं आणि गाव धरलं. दारोदार जाऊन म्हाताऱ्यांना विचारत सुटली. लैतांवांच्या पणजीचं माहेर कुठलं? घरात कोणी बाहेरून आलेलं होतं का? बाळाला लोकांचा खोकला लागू नये म्हणून ती उंबऱ्यावरूनच विचारी. त्यामुळे प्रत्येक प्रश्न अख्ख्या आळीला ऐकू जाई. बहुतेकांच्या पणज्या दे जेझूश नाहीतर दा पियेदादी निघाल्या. देवाधर्माची नावं, बाईबरोबर आली, बाईबरोबर गेली. शनिवारी मात्र सासऱ्यांच्या नव्वदीतल्या आत्याबाईंनी डोळे मिटून सांगितलं, "वाश्कोन्सेलूश. आपल्याच घरात होता. जन्मभर राबला, कधी उलटून बोलला नाही. गेला तेव्हा माझे वडील जेवले नाहीत."

वाश्कोन्सेलूश! जुन्या सरदार घराण्यांत शोभणारं नाव. नोएमियाच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे काही विचारायचं भान तिला राहिलं नाही, आणि त्या आठवड्यात तिने न विचारलेला तेवढा एकच प्रश्न होता.

रविवारी जेवायला अर्थातच लैतांव होतं. संत्र्याच्या चकत्या आणि फेसाळती वाइन. सगळ्यांची ताटं भरल्यावर नोएमियाने जाहीर केलं की कागदपत्रं मिळाली तर तोमेचं शेवटचं आडनाव वाश्कोन्सेलूश लावायचं.

सेन्योर आर्मिंदूंनी काटा खाली ठेवला. ते म्हणाले, "तू त्याची आठवण काढलीस, पोरी, फार बरं वाटलं. पण खेचराचं नाव पोराला द्यायचं म्हणजे…"

"कोणाचं?"

"खेचराचं. लाकडं वाहायचं आपली. जमीनदार वाश्कोन्सेलूशने मजुरी बुडवली, म्हणून आजोबांनी त्याचं नाव खेचराला ठेवलं. रोज त्या नावाने चार शिव्या घालायला मिळाव्यात म्हणून. मग खेचरच जमीनदारापेक्षा चांगलं निघालं, आणि आजोबांची पंचाईत झाली."

देलियू टेबलाखाली पडलेला रुमाल शोधायला वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. सासूबाई हसताना ठसकल्या. नोएमियाने हसायचं नाही असं ठरवलं होतं. पण बाळ दचकून रडायला लागलं, त्याला थोपटता थोपटता तिलाच फुटलं. हसू की रडू, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सोमवारी सकाळी पाववाली फिर्मीना गाडी घेऊन आली. एरवी दाराला टांगलेल्या पिशवीत पाव घालून ती निघून जायची, आज थांबली. जास्तीचा गोड पाव नोएमियाच्या हातात देत म्हणाली, "हा विचारपूसवाल्यांच्या बाळासाठी."

"विचारपूसवाले कोण?" नोएमियाने विचारलं.

फिर्मीनाने नुसतंच तिच्याकडे पाहिलं.

मग तिने समजावलं. निम्मं गाव लैतांव. लैतांवांकडे चार पाव दे म्हटलं तर तिने कुठे द्यायचे? आडनाव कचेरीत आणि कबरीवर. मधलं सगळं आयुष्य गाव घराला जे नाव देतं त्यावर चालतं. कोणी तिरळे, कोणी वाकड्या दाराचे. सेन्योर आर्मिंदूंचं घर आजवर रडक्यांचं होतं, कारण त्यांचे आजोबा पिल्लू भट्टीत घालताना दरवेळी रडायचे. नोएमिया घरोघर हिंडली तेव्हापासून मात्र सगळे विचारपूसवाले म्हणायला लागले होते.

नोएमियाला उंबऱ्यावरच बसावंसं वाटलं. मुलाला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून ती वणवण फिरली, आणि त्या फिरण्यालाच गावाने नाव ठेवलं. आता ते तोमेला चिकटणार, तोमेच्या पोरांना चिकटणार. सासूबाईंना तोंड कसं दाखवायचं?

दोना इदालिना मागेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पदरचे पैसे देऊन त्यांनी फिर्मीनाकडून आणखी एक पाव घेतला, विचारपूसवाल्यांना अजून एक दे, असं मुद्दाम म्हणून. मग सुनेच्या खांद्यावर हात ठेवला.

"जन्मले झुरळांत," त्या म्हणाल्या, "आणि लग्न झाल्यापासून रडक्यांची सून. तू आठवड्यात सोडवलंस मला."

कचेरीत खिडकीपलीकडे एक टक्कल पडलेले गृहस्थ होते. छातीवरच्या पट्टीवर आडनाव होतं कार्नैरू, म्हणजे मेंढा. त्यांनी नाव विचारलं. देलियूने श्वास रोखला. नोएमिया म्हणाली, तोमे कुएल्यू लैतांव. गृहस्थांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्यांनी ते टाइप केलं, जसं पेरैरा टाइप केलं असतं तसं.

"अजून काही विचारायचंय?"

"नाही," देलियू घाईने म्हणाला.

पण नोएमिया पट्टीकडेच बघत होती. "शाळेत तुम्हाला काय म्हणायचे?"

गृहस्थ जरा आठवू लागले. मग पहिल्यांदाच हसले.

"टोपी," ते म्हणाले. "रोज विसरून यायचो."