दिव्याला न दिसलेली सून

दिवेबाबांनी हात वर केला आणि इमारतीच्या मागच्या भिंतीवरचा दिवा लख्ख पेटला. बटणाजवळ कोणी नव्हतं. मुळात बटणच नव्हतं. फाटकाशी जमलेली बिऱ्हाडं अवाक झाली.

चोऱ्या वाढल्या म्हणून हा दिवा नुकताच बसवला होता आणि सोसायटीच्या अध्यक्षांनी उद्घाटनाला आपले गुरू दिवेबाबा यांना आणलं होतं. बाबांनी श्रेय घ्यायला वेळ दवडला नाही. आपण फुंकर घालून या काचेला दृष्टी दिली आहे, शुद्ध माणूस दिसला की ती उघडते, असं त्यांनी जाहीर केलं. मग एकेक जण चालून आला. वकील गेला, दिवा लागला. अध्यक्षीणबाई गेल्या, लागला. एक मांजर गेलं, तरी लागला. मांजराच्या शुद्धतेबद्दल कोणी शंका काढली नाही.

दिवा पुन्हा विझला आणि तळमजल्यावरची सून कपडे वाळत घालायला निघाली. ती आणि तिची सासू दवाखान्याच्या चादरी धुऊन पोट भरत. ओल्या चादरी जमिनीला लागू नयेत म्हणून ती त्या लांब काठीवर टाकायची आणि काठी डोक्याच्या उंचीवर पुढे धरून दिव्याखालच्या दोरीकडे चालायची. समोरून पाहिलं तर नुसता पांढरा पडदा चालत येतोय असं वाटे.

दिवा लागला नाही.

बाबांचा आवाज खोल गेला. नवऱ्याला गिळून बसलेली ही बाई म्हणजे अंधार. ती इथे आहे तोवर चोर येतच राहणार. चादरी दोरीवर टाकून ती वळली तेव्हा दिवा लागला, पण बाबांकडे त्याचंही उत्तर तयार होतं: आम्ही दया केली. त्या खोलीत आपली बैठक मांडली तर दोष जाईल, असंही ते म्हणाले. अध्यक्षांनी रविवारपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं.

सून रडली नाही, धुमसत राहिली. सासूबाईंनी उभी हयात शाळेच्या प्रयोगशाळेत काचनळ्या धुतल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रागावू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघ."

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर तिने बघितलं. रिकाम्या हातांनी गेली, दिवा लागला. नुसती काठी घेऊन गेली, लागला. ओल्या चादरीआडून गेली, नाही. चादरीबाहेर हात काढून हलवला, लगेच लागला. सुनेला हसू फुटलं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच.

रविवारी संध्याकाळी बाबा बैठकीची गादी घेऊनच आले. सून रिकाम्या हातांनी चालून गेली. दिवा लागला.

"आम्ही दया केली," बाबा म्हणाले.

"मग आता ती मागे घ्या. लागू देऊ नका."

दिवा विझल्यावर ती पुन्हा चालली. बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले. दिवा लागला. कोणीतरी खाकरलं.

तिने ओल्या चादरींची काठी बाबांपुढे धरली. "आता तुम्ही चला. तुमच्याइतकं शुद्ध इथे कोण आहे?"

बाबांनी ही बायकी कामं म्हणून नाक मुरडलं. पण वकील बोलला, "धरा की बाबा, चादरच आहे."

नाइलाजाने बाबा पडद्याआडून निघाले. थेट दोरीपर्यंत गेले. अंगण काळोखात होतं. वरच्या गॅलरीतून एक आजी म्हणाल्या, "अगंबाई, महाराज पण विधवाच निघाले की."

हशा ओसरल्यावर सासूबाई पुढे आल्या. दिव्याखाली एक डोळा असतो, तो हलती ऊब टिपतो. माणसाच्या अंगात ती असते, मांजराच्याही असते. थंड, ओल्या कापडाने ती झाकली की त्याला कोणी दिसत नाही. मग ती बाई असो की बाबा. एवढंच.

अध्यक्ष पुटपुटले की श्रद्धेला असं तपासायचं नसतं.

"माझं घर काढून घेताना तपासायला हवं होतं," सून म्हणाली. "आधी सगळ्यांसमोर सांगा, खोली कुणाची ते."

खोली सासू-सुनेचीच आहे आणि त्यांचीच राहील, हे अध्यक्षांना सांगावं लागलं. बाबांनी गादी उचलली.

ती मग जमलेल्यांकडे वळली. "परवा तुम्ही सगळे इथेच होतात. चालून बघायला कितीसा वेळ लागला असता? खरं असेल ते दहादा करून दाखवता येतं. पुढच्या वेळी कोणी कुणाला अशुभ म्हणालं, तर मान डोलावण्याआधी म्हणा, परत करून दाखव."

तिने काठी उचलली. चादरी वाळत घालायच्या राहिल्या होत्या.