धरायला माणूस

वरचे आकडे केव्हाच पुसले गेले होते. एकाची उभी रेघ तेवढी अजून बोटाला लागत होती, आणि ती चाचपत सुकन्या त्या काळ्या गोळ्याकडे बघत राहिली. "वैनी, एवढं धरा," म्हणून संघपाल मिस्त्रीने गिअरच्या दांड्यावरचा गोळा पिळून काढला होता, तिच्या हातावर ठेवला होता आणि स्वतः टेम्पोखाली सरकला होता. आता त्याचे नुसते पाय दिसत होते. इतकी वर्षं मुठीत धरलेली वस्तू... पण अशी उघडी तिने कधी पाहिलीच नव्हती, कारण पाहायची वेळ यायची तेव्हा तिच्यावर तिचीच मूठ असायची. किती लहान आहे, तिला वाटलं. एवढ्याशासाठी मनगट आखडून जायचं, रात्री हळद-तेल चोळावं लागायचं.

गोळा डाव्या तळहातावर होता. हे लक्षात आलं तसा तिने तो झटकन उजव्या हातात घेतला. डाव्या तळहातावर काही ठेवलेलं तिला बघवत नाही. गेलेल्या लेकीला, शिवानीला, खड्ड्यात बसवलं तेव्हा – आम्हा लिंगायतांत बसवतात, आडवं करत नाहीत – स्वामींनी तिच्या गळ्यातलं लिंग काढून तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं होतं, आणि बोटं मिटेनात म्हणून कुणीतरी ती एकेक करून मिटवली होती. कुणी, ते आठवत नाही. यांनीच असेल. मी वरून बघत होते आणि मला फक्त एक डोकं दिसत होतं, यांचं, विभूती घामाने ओघळलेलं.

नांदेडच्या बाहेर, लातूर रस्त्याला, पत्र्याच्या शेडसमोर एका जुन्या टायरवर ती बसली होती. ऊन टायरच्या कडेपर्यंत आलं होतं. टेम्पोच्या हौद्यात भांडी तशीच बांधलेली होती, पातेली पातेल्यांत, डबे डब्यांत – चाकूर, अहमदपूर, लोहा, जिथे ज्या दिवशी बाजार भरेल तिथे ती मांडायची आणि संध्याकाळी उरलेली परत बांधायची. वीरभद्र, तिचा नवरा, रिक्षा करून भंगार बाजारात गेला होता. तिथे एका मेलेल्या गाडीचा गिअरबॉक्स मिळणार होता, तो या गाडीला बसवायचा. जाताना तो मिस्त्रीशी बोलला, रिक्षावाल्याशी बोलला, भाव नको करू म्हणाला, ऊन लई आहे म्हणाला. तिच्याशी काही बोलला नाही. बोलण्यासारखं नव्हतंच म्हणा काही... पण ऊन तर तिलाही होतं.

सकाळीच सासूचा फोन येऊन गेला होता. गुरम्माचा आवाज फोनमधून शेजारच्या शेडपर्यंत जातो.

"झाली का गाडी?"

"होऊन राहिली, अत्या."

"मग बरं झालं. आता गिअर धरायचं काम न्हाई, तू आता घरी बस. सून गावोगाव हिंडतीय म्हणून चार बाया मला विचारतात. उद्याच्या बाजारला जाईल की तो एकटा!"

"हाव अत्या," म्हणून तिने फोन ठेवला होता. घरी बसायचं. म्हणजे कुठे बसायचं? स्वयंपाकघरात फळीवर तो तीन खणी डबा आहे. शिवानी लातूरला बारावीला होती, तेव्हा रोज सकाळी तो भरून एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा आणि लातूरच्या स्टँडवर तिने उतरवून घ्यायचा. साऱ्या चाकूरच्या आया तसंच करतात. ताप चढला, मेंदूत गेला म्हणाले, आठवडा लोटला नाही तोवर सगळं संपलं. डबा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरने घरी आणून दिला, धुतलेला. त्या बिचाऱ्याला काय माहीत. अजूनही लातूर गाडीचा हॉर्न वाजतो त्या वेळी मी घरात असले की माझा हात फळीकडे जातो. जातोच. टेम्पोत बसले की त्या वेळेपर्यंत गाव मागे पडलेलं असतं आणि हाताला दुसरं काम असतं, म्हणून तर मी आजवर शाबूत आहे, हे अत्यांना कोण सांगणार.

आणि यांना?

शिवानी गेली त्यानंतर वीरभद्र भांड्यांच्या दुकानातच झोपू लागला. घरात तो भिंतीशी बोलल्यासारखा बोलायचा, मीठ, पाणी, किल्ली, असं. मग एक दिवस दुपारीच घरी आला, चपला न काढता उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "उद्यापासून तू चल. तिसरा गिअर सटकतोय. धरायला माणूस पाहिजे." बरोबर येणारा चंद्रप्पा म्हणून गडी होता, त्याला त्याने काढून टाकलं होतं. बायको फुकटात गड्याच्या जागी! तिला ते लागलं होतं, फार लागलं होतं. पण ती गेली. मुकाट्याने पुढच्या सीटवर बसली, त्याने तिसरा टाकला आणि म्हणाला, "धर." गाव आलं, वेग कमी झाला, म्हणाला, "सोड." एवढाच संसार. धर आणि सोड. सबंध मराठवाड्याच्या खड्ड्यांतून त्या दोन शब्दांवर त्यांची गाडी चालली, आणि तिच्या मुठीखाली तो दांडा थरथरत राहायचा, निसटायला बघायचा. कधीकधी तिला वाटायचं की या माणसात जे काही जिवंत उरलं आहे ते एवढंच, आपल्या हातात थरथरतंय तेवढंच.

धप्पकन काहीतरी खाली आलं. संघपाल टेम्पोखालून बाहेर आला, कपाळावर काळं बोट पुसलं आणि जुना गिअरबॉक्स ओढत उन्हात घेऊन आला. खालचं बूच काढलं तशी तेलाची धार एका कापलेल्या डब्यात पडू लागली. काळं, घट्ट तेल... आणि त्यात काहीतरी चमकत होतं. ती उठून जवळ गेली. भांड्यांच्या घरात जन्म काढलेल्या बाईला ते सांगावं लागलं नाही.

"पितळ हाय हे," ती म्हणाली.

"पितळच. आतल्या रिंगांचं." संघपालने झाकण उघडून आतला एक वाकडा तुकडा काढला, फडक्याने पुसला आणि तिच्यापुढे धरला. दोन बोटांचा चिमटा असतो तसा तो होता, एक बोट जाड, दुसरं झिजून पात्यासारखं झालेलं. "ह्याला फोर्क म्हनतात. ह्यो बगा कसा खाल्लाय. वैनी, राग नका येऊ देऊ, पण खरं सांगू का... ही गाडी गिअर सटकून न्हाई मेली. धरून धरून मेली."

"म्हणजे?"

"सटकत व्हता ते एका बारक्या स्प्रिंगपायी. हरभऱ्याएवढी गोळी आन् तिच्यामागं स्प्रिंग, बस. ती मऊ पडली की गिअर जाग्यावर ऱ्हात न्हाई. पण वरून हातानं दाबून धरलं की ह्यो फोर्क आत घासत बसतो. घासून घासून ह्यो गेला, मंग रिंगा गेल्या, मंग दात गेले." त्याने बोट आत घालून गिअरचे दात दाखवले. ते म्हाताऱ्याच्या दाढांसारखे गोल झाले होते.

"मग आधीच का नाही सांगितलं?"

"घ्या! मी तवाच सांगितलो व्हतो शेठला. पहिल्यांदा सटकला तवा हितंच आले व्हते की. म्हनलो, फुकट टाकतो स्प्रिंग, चहा पाजा. तर म्हनले, राहू दे. हात लावू नको. म्हनलो, शेठ, धरून चालवू नका, आख्खा बॉक्स खाईल. तर म्हनले..." तो थांबला, हसला, त्याला त्यात हसण्यासारखंच काही वाटत होतं. "म्हनले, खाऊ दे. धरायला माणूस हाय."

तो परत कामाला लागला. ती टायरवर येऊन बसली. फुकट टाकतो म्हणाला होता. म्हणजे कंजूषपणा नव्हता. विसरला म्हणावं तर दरवर्षी टायर बघतो, ताडपत्री बदलतो, आरशाला तडा गेला तर त्याच दिवशी नवा बसवतो, तो माणूस. आणि चंद्रप्पा गडी होता की धरायला! त्याला काढलं. आधी त्याला काढलं आणि मग उंबऱ्यात येऊन उभा राहिला... चपला न काढता. आता ते उभं राहणं तिला वेगळं दिसू लागलं. तो आत येत नव्हता कारण ते बोलून होईपर्यंत त्याला आत येता येत नव्हतं. उन्हाळ्यात गोळा तापायचा तेव्हा तो आपली घाम पुसायची दस्ती ओली करून त्यावर गुंडाळायचा. हात सुटू नये म्हणून, असं ती समजायची. तिच्या मनगटाला हळद लावलेली तो रोज बघायचा. बघायचा आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचा, धर.

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. आला तो राग. तळपायातून उठून वर आलेला, कान तापवणारा, इतका की शिवानी गेल्यापासून आपल्या अंगात एवढी ऊब कधी आली नव्हती हे तिला त्या रागातच कळलं. एवढं होतं तर बोलायचं होतं! तू शेजारी बस, मला घर खायला उठतं... एवढंच. मी नाही म्हणाले असते? मीही तर त्याच घरात होते. एक वाक्य तोंडातून काढायचं नाही म्हणून माणसाने लोखंड झिजवलं, पितळ झिजवलं, बायकोचं मनगट झिजवलं, आणि मी गड्याच्या जागी बसले म्हणून इतकी वर्षं रोज थोडी थोडी मरत राहिले. शेजारी बसून. त्याच्या शेजारी बसून!

रिक्षा आली. वीरभद्रने दुसरा बॉक्स पोत्यात गुंडाळून आणला होता. शर्टाला तेल लागलं होतं. डब्यातल्या चमकत्या तेलाकडे त्याची नजर गेली, मग तिच्याकडे, मग मिस्त्रीकडे, आणि मग तो उगाच पोत्याची गाठ सोडत बसला. गाठ सुटलेलीच होती.

"जेवलीस का?" त्याने विचारलं. खाली बघून.

"नाही."

बॉक्स बसायला दुपार गेली. नव्या बॉक्सला त्याचाच दांडा होता, त्यावर त्याचाच गोळा, आकडे स्वच्छ. संघपालने तिसरा टाकून दाखवला, दांडा खटकन बसला, त्याने हात सोडला, टाळी वाजवली. "आता बाप जरी आला तरी सटकत न्हाई. वैनी, सुटल्या तुम्ही!" जुना गोळा कुणी मागितला नाही. तिने तो पदराच्या गाठीत बांधला.

निघाले. ती पुढेच बसली, कारण मागे भांडी होती. बसताना क्षणभर तिला वाटलं की आज ही जागा शेवटची. उद्या लातूर गाडीचा हॉर्न वाजेल तेव्हा मी फळीसमोर असेन आणि हा एकटा अहमदपूरच्या पुढे गेलेला असेल. आपण होऊन तो थांब म्हणणार नाही, चल म्हणणार नाही; त्याच्याकडे तो शब्दच नाही, आणि आता तर निमित्तही नाही. उन्हं कलली होती, रस्त्याच्या कडेचे कापूस निघालेले काळ्या रानाचे तुकडे मागे जात होते. गाडी इतकी गुळगुळीत चालत होती की मागची भांडीही गप्प होती. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि तळव्यात थरथर तशीच होती. थरथर दांड्याची नसून माझीच होती की काय...

"आईचा फोन आलता," तो म्हणाला.

"मलाही आला होता."

"हं."

तिने वाट पाहिली. त्या हंच्या पुढे काही येईल म्हणून लोह्याच्या पहिल्या घरांपासून शेवटच्या घरांपर्यंत वाट पाहिली. त्याने एकदा आरसा नीट केला, तो नीटच होता. लोहा मागे पडलं आणि पुढचा चढ लागला. इंजिनाचा आवाज जड झाला, भांडी एकदाची मागे सरकून वाजली. वीरभद्रने क्लच दाबला, तिसरा टाकला, दांडा खटकन जागेवर बसला.

"धर," तो म्हणाला.

रस्त्यावर नजर ठेवूनच. सवयीने आला असेल शब्द... नसेलही. दोघांच्या मधे तो दांडा ताठ उभा होता, त्याला कुणाचीच गरज नव्हती, हे त्याला दिसत होतं, तिला दिसत होतं. तिचा हात उठला, आपला आपण उठला, आणि अर्ध्यावर तिने तो ओळखला आणि परत आणला. पदराची गाठ त्याखाली आली. तिने ती मुठीत धरली.

धरला तर हाही झिजेल. झिजू दे की, लोखंडाचं काय एवढं, भंगारात आणखी मिळेल... पण या एका शब्दावर नाही. आता नाही. मला कळलंय, आणि मला कळलंय हे तुम्हालाही कळलंय. दुसरं काही बोला. माझं नाव घ्या. तिचं घ्या, तिचं नाव तर या गाडीत कधी कुणी घेतलंच नाही. नसेल जमत तर शिव्या द्या, उतर म्हणा खाली. आणि काहीच नाही बोललात तर... तर उद्या मी खरंच घरी बसेन, त्या डब्यासमोर, आणि ते तुम्ही केलेलं असेल. तिला भीती वाटत होती, तरी हात जागचा हलला नाही.

त्याने तिच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. मग पुन्हा हाताकडे. दांडा जागच्या जागी होता.

चढ अजून अर्धा बाकी होता.