नामावळीतलं अर्धं पान

पान चारशे बारावर नवसाबाई तिसऱ्यांदा चितेकडे निघाली, तेव्हा इंदिराबाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि बेसिनवर जाऊन साबणाने हात धुतले. प्रूफं वाचताना दिवसातून चार-पाचदा त्या हात धुवायच्या. प्रकाशक आल्हादला वाटायचं, शाई लागते म्हणून. प्रूफाची शाई हाताला लागेनाशी होऊन जमाना झाला होता. लागायची ती भाषा.

गंगापूर रोडवर, दाताच्या दवाखान्याशेजारी, पहिल्या मजल्यावर आल्हादचं ऑफिस होतं. त्याचे वडील दहावीची गाईडं छापत. मुलगा हुशार निघाला. अभ्यासक्रम बदलला की गाईड रद्दीत जातं. मेलेला माणूस मात्र बदलत नाही, जुना होत नाही आणि तक्रार करायला येत नाही, हे त्याच्या लवकर लक्षात आलं. तेव्हापासून त्याने ऐतिहासिक कादंबऱ्यांचं दुकान मांडलं, आणि वडिलांच्या वेळच्या प्रूफरीडर इंदिराबाई दुकानाबरोबरच त्याच्याकडे आल्या.

त्यांच्या ड्रॉवरमध्ये चौकटीची एक वही होती. एकोणीस वर्षांची मोजदाद. कादंबऱ्या चौसष्ट. फुरफुरणारे घोडे दोनशे अठरा. डोळ्यांत फुललेले अंगार तीनशे एक्केचाळीस. मिशीला पीळ देणारे मोजायचं त्यांनी मध्येच सोडून दिलं होतं. शेवटच्या पानावर एक रकाना होता : नवरा मेल्यावर जगलेल्या बायका. तीन. त्यांतल्या दोघी वेड्या.

हातातली कादंबरी पासष्टावी. नाव ‘अग्निसौदामिनी’. दिंडोरीकडच्या एका गावातला गेणू नावाचा शिपाईगडी अडीचशे वर्षांपूर्वी लढाईत पडला, आणि त्याची बायको नवसाबाई त्याच रात्री धगधगत्या चितेत शिरली, अशी हकीकत. पहिल्या प्रकरणात गेणू होता, पाचव्यात तो गेणोजी झाला, अकराव्यापासून सरदार गेणोजीराव. बढती एवढ्या वेगाने कुठल्याच दरबारात मिळाली नसेल.

लेखक अथर्व समोरच बसला होता. पोटापाण्यासाठी अंबडच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल, उरलेल्या वेळात इतिहास. कपाळावर रेखीव चंद्रकोर, हातात दोन मोबाइल.

“मॅडम, क्लायमॅक्सला रडलात ना?”

“काडेपेटी आहे.”

“काय?”

“नवसाबाईनं काडेपेटीची काडी ओढून चिता पेटवली, असं लिहिलंयस. तेव्हा काडेपेटी नव्हती.”

अथर्वने लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतलं. “चकमक करू. बघा आल्हादसर, म्हणून आपल्याला मॅडम लागतात. इतिहासाशी तडजोड नाही.”

इंदिराबाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. भाजीत अळी दिसल्यावर माणूस पाहतो तसं.

“चकमक राहू दे बाजूला. नवसाबाई जळाली नाही.”

आल्हाद फोनवर बोलत होता. त्याने फोन पालथा ठेवला. “ताई, पुन्हा तेच नको.”

“पुन्हाच. पान माझ्या घरी आहे.”

पानाचा विषय निघाला की आल्हाद चहा मागवायचा. आताही त्याने मागवला.

इंदिराबाईंचे वडील पंचवटीतले तीर्थोपाध्याय. बाहेरगावचं कुणी रामकुंडावर अस्थी घेऊन आलं की त्याच्या कुळाची नामावळी उघडायची, आधी कोण येऊन गेलं ते वाचून दाखवायचं, आणि खाली आलेल्याकडून नवी नोंद करून घ्यायची, हा घरचा धर्म. भाऊ नसल्यामुळे नदीवरची कामं चुलतभाऊ उपेंद्रकडे गेली. पण मोडी वाचता यायची ती इंदिराबाईंनाच, म्हणून नामावळ्यांचे गठ्ठे त्यांच्या फ्लॅटवर, स्टीलच्या कपाटात, कडुलिंबाच्या पाल्यात राहिले. वडिलांचा एकच दंडक होता. कुळातलं माणूस समोर आलं की त्याचं पान वरपासून खालपर्यंत वाचायचं. मध्ये थांबायचं नाही. अर्धं पान वाचून माणसाला उठू देणं म्हणजे यजमानाला अर्ध्या ताटावरून उठवणं, असं ते म्हणत.

आणि नेमकं तेच इंदिराबाईंच्या हातून झालं होतं.

दिवाळीनंतर आल्हाद आणि अथर्व दिंडोरीच्या राजला घेऊन त्यांच्या घरी आले. राज द्राक्षबागायतदार, पस्तिशीचा. त्याला पूर्वजांवर कादंबरी हवी होती आणि पुढच्या वर्षी जिल्हा परिषद. इंदिराबाईंनी पान उघडून वाचायला सुरुवात केली : ‘गेणू वल्द सटवा, लढाईत पडला. अस्थी घेऊन भाऊ बारकू आला.’ एवढं ऐकूनच आल्हादने टाळी वाजवली. अथर्वने वरच्या अर्ध्या पानाचा फोटो काढला. “खाली अजून आहे,” इंदिराबाई म्हणाल्या. “पुढच्या वेळी निवांत,” अथर्व म्हणाला. राजला बागेत फवारणीला माणसं लावायची होती. सगळे उठले. इंदिराबाईंनी पान मिटलं. लेखक आहे, उरलेलं वाचायला येईलच, असं त्यांना वाटलं. लेखक आला तो चारशे अडतीस पानं घेऊन.

“खालच्या अर्ध्यात काय आहे ते मी तुम्हाला तीनदा सांगितलं,” त्या आता म्हणाल्या. “नवसाबाई चौदा वर्षांनी स्वतः आली होती नाशकात. शेत केलं, पोरींची लग्नं केली, विहीर बांधली.”

“विहीर!” आल्हादने हात जोडले. “ताई, विहीर बांधणारी बाई कव्हरवर दाखवू कशी? टोपली घेऊन?”

“आणि वाचक विहिरीपाशी रडत नाही मॅडम,” अथर्व म्हणाला. “आगीपाशी रडतो. माझा अनुभव आहे.”

“पाणी भरायला गेलास की कळेल, कुठं रडतात ते.”

“शेवटी कादंबरी आहे ती. इतिहास नाही,” आल्हाद म्हणाला.

“मग हे काय?” त्यांनी पहिलं पान पुढे सरकवलं. ‘अस्सल नामावळीच्या आधारे. मोडी वाचन व संदर्भ : इंदिराबाई.’ त्यांनी पेन्सिल सोडून लाल पेन घेतलं, ओळीवर आडवी रेघ ओढली आणि समासात काढून टाकण्याची खूण केली. अक्षरांवरून, शब्दांवरून ही खूण त्यांनी लाखभर वेळा केली असेल. स्वतःच्या नावावर पहिल्यांदाच.

आल्हादने पान पाहिलं आणि मायेने हसला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

“आत काढतो की. तुमचा मान आहे. पण ताई, कव्हर छापून आलंय. मागच्या बाजूला तुमचं नाव आहे, मोठ्या टायपात.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “उद्या सकाळी राजभाऊ आईला घेऊन तुमच्याकडे येतायत. नामावळीची पूजा करतील, अथर्व रील करील. रविवारी प्रकाशन. तेवढं गोड मानून घ्या.”

इंदिराबाई उठल्या. बेसिनवरचा साबण संपला होता. त्या नुसत्या पाण्याखाली बराच वेळ हात धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला राज तीन जिने चढून आला. हातात हार, पेढे, मागे अथर्व मोबाइलची काठी घेऊन. सगळ्यांत शेवटी, कठड्याला धरत, राजची आई भागीबाई. सत्तरीची, काटक, उन्हाने रापलेली. दारातच चपला काढून तिने त्या भिंतीशी नीट लावून ठेवल्या.

“ये आये, हिकडं बस. उजेडात,” राज म्हणाला. “ताई, जरा लवकर उरकू. छाटणी चालू हाय, मजूर खोळंबलेत.”

“पाणी घ्या आधी,” इंदिराबाई म्हणाल्या.

भागीबाईने तांब्या वरून तोंडात रिकामा केला. “नळाचं का?” तिने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाली, “नळाला चव नसती.”

पाटावर लाल फडक्यातला गठ्ठा ठेवला गेला. राजने हार घातला, पेढा ठेवला, एक इंदिराबाईंना खायला लावला, हात जोडले. अथर्वने तीन बाजूंनी तीनदा त्याला हात जोडायला लावले. “झकास. आता मॅडम, तेवढी वरची ओळ वाचा. लढाईत पडला, तिथपर्यंत. कट करतो.”

इंदिराबाईंनी चष्मा लावला. “भागीबाई, हे तुमच्या सासरच्या कुळाचं पान. मागे मी ते अर्धंच वाचलं. चूक माझी. आज पुरतं वाचते. मध्ये कुणी बोलायचं नाही.”

“ताई, येळ…” राज म्हणाला.

“गप रे,” भागीबाई म्हणाली. “एवढे जिने चढून अर्धं कशाला ऐकू?”

इंदिराबाई वाचू लागल्या. गेणू पडला, बारकू अस्थी घेऊन आला. अथर्वने मोबाइल खाली घेतला. त्या थांबल्या नाहीत.

“शके सतराशे सहा. नवसाबाई, गेणूची बायको, बरोबर पुत्र सहादू. मालक पडल्यास चौदा वर्षे झाली. दीर वेगळे निघाले. शेत आपण वाहिले. दोन लेकी चांगल्या घरी दिल्या. वाटेकडेस थोरली विहीर बांधली, पाणी गोड लागले. पुढे येतील त्यांणी पाणी मोडू नये. पुत्रहस्ते लिहिले. निशाणी बांगडी.”

शेवटी एक वाटोळं होतं. त्या काळी कुणबी सहीच्या जागी नांगर काढी आणि बाई बांगडी. नवसाबाईचं वाटोळं एका बाजूला जाड झालं होतं. बोरू दाबून धरला असावा.

भागीबाईने विचारलं, “म्हणजे ही बाई जळाली नाय?”

“नाही.”

“आन् ह्यानं पुस्तकात जाळली?” तिने अथर्वकडे पाहिलं.

“काकू, ते प्रतीकात्मक आहे,” अथर्व म्हणाला. मग त्याचे डोळे चमकले. “पण हे भारीच निघालं! राजभाऊ, दुसरा भाग होतोय यावर. नवसाबाई परत येते!”

“जळाल्यावर?” भागीबाईने विचारलं.

“ते बघता येईल. स्वप्नात वगैरे.”

इंदिराबाईंच्या तोंडात पेढ्याचा कण होता. तो त्यांनी पदरात काढून टाकला. मग राजकडे वळून त्या म्हणाल्या, “ती विहीर अजून आहे का?”

राज हाराची फुलं सारखी करू लागला.

“व्हती,” भागीबाई म्हणाली. “थोरलीच म्हनतो आमी तिला. रस्त्याच्या कडंला. मी लगीन होऊन आले तवापून तिचंच पानी. ह्यानं मागल्या महिन्यात बुजवली.”

“आये, आता हे हितं कशाला?” राजचा आवाज चढला. “ताई, तिथं स्मारक बांधतोय, त्याला रस्त्याकडची जागाच पायजे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पायजे. नवसाबाईचाच चौथरा हाय तो. लय खर्च केलाय. ज्वाळा दगडात कोरून आणल्यात थेट.”

“नवसाबाईच्या विहिरीवर,” इंदिराबाई म्हणाल्या.

“मला काय म्हाईत तिची व्हती ते? कुनी सांगितलं मला?”

हे मात्र त्याचं खरं होतं. दिवाळीनंतरची ती संध्याकाळ, मिटलेलं पान, आणि कपाटाला कुलूप लावताना आपल्या मनाशी केलेला तो हिशोब, की येईलच लेखक कधीतरी, हे सगळं इंदिराबाईंना आठवलं. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका मोजल्या. ही एक त्या वहीत कुठल्या रकान्यात बसत नव्हती. मुरूम, दगड, विटांचे तुकडे घालून बुजवली असेल. डंपरने किती खेपा केल्या असतील, एवढंच त्यांना सुचत राहिलं.

“आता तुमची नोंद,” त्या भागीबाईला म्हणाल्या. त्यांनी पेन काढलं. “आलेल्यानं खाली लिहायचं असतं.”

“मला लिवता येत नाय, बाई.”

“सांगा. मी लिहिते.”

“आये, नीट सांग हां,” राज म्हणाला. “स्मारकाचं सांग. रविवारचं सांग. अथर्वभाऊ, घेताय ना?”

“रोलिंग,” अथर्व म्हणाला.

भागीबाई थोडा वेळ पानावरच्या त्या वाटोळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “लिवा. भागीबाई आली. संगं ल्योक राज. थोरली विहीर बुजवली.”

“आये!”

“चैताच्या महिन्यात बुजवली.” तिने पदराने तोंड पुसलं. “पानी व्हतं.”

इंदिराबाईंनी लिहिलं, तसंच. एक अक्षर सुधारलं नाही. मग पेन तिच्या हातात दिलं. भागीबाईने ते विळ्यासारखं मुठीत धरलं, नवसाबाईच्या निशाणीखाली टेकवलं आणि सावकाश एक वाटोळं काढलं. जिथून सुरू केलं होतं तिथं आणून मिळवलं.

“काकू,” अथर्व म्हणाला, “एकदा परत काढता का? मध्ये राजभाऊंचा हात आला.”

भागीबाईने पेनाचं टोपण लावलं. पान वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत बसली.