माझ्या डोक्यावरचा पिवळा ठिपका

हसू नका, मी स्क्रू बोलतोय. नखाएवढं डोकं, डोक्यात आडवी एक खाच, आणि खाचेत मावेल तेवढीच अक्कल. एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरच्या डाव्या मागच्या चाकाआड ब्रेकचा लोखंडी ड्रम असतो; तो जागेवर धरून ठेवायचं काम माझं आणि माझ्या जुळ्या भावाचं.

शिक्षण म्हणाल तर अर्धंच. उजवीकडे फिरवलं की आवळायचं, हा धडा कारखान्यात पहिल्याच दिवशी पाठ झाला. डावीकडे फिरवलं की सुटायचं, हे शिकवलं त्या दिवशी मी बहुतेक गैरहजर होतो.

पहिल्या मालकाने ट्रॅक्टर विकायच्या आधी चाकं उतरवून सगळ्यावर निळा रंग फासला. गंजावर, चिखलावर, एका जिवंत मुंगळ्यावरसुद्धा. माणसांची ही खोड भारी गमतीची, दुखणं झाकलं की बरं झालं! माझी खाच रंगाने भरली, कडेने ओल आत शिरली आणि मी ड्रमला असा चिकटलो, जसा घरजावई सासरच्या खाटेला.

मग आम्ही एका नवरा-बायकोच्या घरी आलो. ट्रॅक्टर चालवायची ती. नवऱ्याला सगळे 'उद्या' म्हणत, कारण कुठलंही काम सांगा, उत्तर ठरलेलं. दुरुस्तीला यायचा तिचा सख्खा थोरला भाऊ, हाडाचा मिस्त्री. त्याची एक पद्धत होती. जो स्क्रू स्वतः उघडला, आत बघितलं आणि परत बसवला, त्याच्या डोक्यावर पिवळा ठिपका द्यायचा. "ठिपका दिसला की डोळे मिटून चालव," असं तो बहिणीला सांगायचा. आणि ती चालवायची.

गेल्या वर्षी ती म्हणाली, "दादा, डावा ब्रेक धरत नाही रे. गाडी उजवीकडे ओढते."

दादाने चाक उतरवलं. माझा भाऊ शहाणा, दोन हिसक्यांत सुटला. माझी पाळी आली आणि मला चेव चढला. पेचकस घसरला, मिस्त्रीची बोटं सोलली. दुसऱ्या पेचकसाचं टोकच उडालं. त्याने तेल सोडलं. मी प्यायलो आणि साधा ढेकरही दिला नाही.

"निघ की रे मुडद्या!"

तेवढ्यात दारातून तिची हाक आली, "दादा, झालं का? पाण्याची टाकी न्यायचीय खाली."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मग गुपचूप माझ्या जुळ्या भावाला परत बसवलं, बाहेरून पेडलची दांडी जराशी आवळली, आणि डबीतून ब्रश काढून दोघांच्याही डोक्यावर ठिपका दिला.

"झालं," तो म्हणाला.

हसून हसून माझी पुरेवाट! परीक्षेला न बसताच पास!

हसू तीन आठवडे टिकलं. भरलेली टाकी घेऊन ती उतारावरून येत होती. तिने दोन्ही चाकांच्या ब्रेकचे पेडल दाबले. उजवा ब्रेक लागला. डावीकडे, माझ्या ड्रमच्या आत, ड्रमला घासून चाक थांबवणारं लायनर झिजून तेलाने माखलं होतं. तिथे काहीच लागलं नाही. ट्रॅक्टर गर्रकन उजवीकडे वळला. तिथे दगडी कुंपणाशी फाटक उघडायला नवरा उभा होता. जन्मात पहिल्यांदा त्याने आजचं काम आज करायला घेतलं होतं.

पाय दोन ठिकाणी मोडला. जीव वाचला, पण माणूस खाटेवर. चालेल का, असं विचारलं तर आता डॉक्टरच म्हणतात, "उद्या बघू."

आणि ती येईल-जाईल त्याला सांगत राहिली, "ब्रेक दादाने बघितला होता हो. माझाच पाय चुकला." दादा समोरच असायचा. चहाचा कप हातातल्या हातात फिरवत बसायचा.

दोन महिन्यांनी ट्रॅक्टर पुन्हा चालू करायचा ठरला. मिस्त्री चाक उतरवत होता. ती शेजारी येऊन बसली. "या वेळी मीही बघते." माझी खाच मोकळी करायला तिने सुरीने ठिपका खरवडला. पिवळ्याखाली निळा निघाला. माझ्या डोक्याच्या कडेवरून थेट ड्रमवर गेलेला, सलग, कुठे केसाएवढी चीर नाही. माझ्या जुळ्या भावाच्या भोवती मात्र तोच रंग गोल तडकलेला.

"दादा, हा उघडला होतास ना?"

खाटेवरून नवरा ओरडला, "काय गं, सुटला का?"

"सुटत नव्हता गं," मिस्त्री हळूच म्हणाला.

"मग ठिपका?"

त्या घडीला मला वाटलं, आपणच गळून पडावं. पण गंज कुणाचं ऐकतो? शेवटी मिस्त्रीने गॅसच्या ज्योतीने मला तापवलं, पेचकस खाचेत रोवला, वरून हातोडा घातला. तिसऱ्या घावाला मी किंचाळत सुटलो. अर्धं डोकं गेलं. ड्रम निघाला. तिने आत बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट बघत राहिली.

मग तिने मला उचलून दादाच्या तळहातावर ठेवलं, त्याची मूठ मिटवली. ओरडली नाही, रडली नाही. हात पुसत एवढंच म्हणाली, "मिस्त्री, उजवं चाकही उघडा."

आता मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात असतो, चष्म्याशेजारी. रंगाची डबी घ्यायला वाकला की छातीला टोचतो. ही माझी शेवटची खोडी. तुम्हाला हात जोडून सांगतो, म्हणजे हात असते तर जोडले असते: स्क्रू सुटला नाही तर 'नाही सुटला' म्हणा. शिव्या आम्ही पचवतो, ठिपका पचत नाही.

मिस्त्री अजून त्या घरी जातो, मेहुण्याला खाटेवरून उठवून दोन पावलं चालवतो. ती मिस्त्रीला पाणी आणून देते. "घ्या," म्हणते. खिशात मी कान टवकारून बसलोय. 'दादा' काही अजून ऐकू आलेलं नाही.