तिसरीतली सातवी ओळ

तिसरीच्या चौकटीत ओळी सहाच भरत होत्या.

पेंटरनं शिडीवर उभ्या उभ्या कागद पुन्हा मोजला. सहा. मग त्यानं मागच्या खिशातली मळकी वही काढली. ज्या ज्या भिंतीवर त्यानं आयुष्यात अक्षर काढलं त्या सगळ्या भिंतींची मापं तिच्यात होती. ही शाळेची भिंतही होती, तीन वर्षांपूर्वीची. चौकटीची उंची एकशे पंधरा सेंटीमीटर, ओळी सात, ओळीला सोळा, उरले तीन, ते वरखाली वाटून द्यायचे. त्याच्याच हातचं होतं, त्यामुळे चूक असायचं कारण नव्हतं.

काम तसं सरळ होतं. कुठल्या इयत्तेच्या शेवटी मुलाला भाषेत आणि गणितात काय काय आलंच पाहिजे हे सरकार ठरवतं. ते आईबापांना जाता-येता दिसावं म्हणून प्रत्येक सरकारी शाळेनं रस्त्याकडच्या भिंतीवर रंगवायचं, असा हुकूम. पहिली ते पाचवी, पाच चौकटी. आता नवा कागद आला होता. जुनं पुसा, नवं लिहा.

जुनं पुसून झालं होतं. पण लिहिलेलं हात विसरत नाही. सातवी ओळ लांबलचक होती, बसता बसत नव्हती, शेवटची तीन अक्षरं चेपून बसवावी लागली होती. ‘तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येते.’ त्यानं कागदावर बोट फिरवत चौथीची चौकट बघितली. तिथं आठ ओळी होत्या आणि आठवी हीच होती.

त्याला वाटलं, टाइप करणाऱ्यानं गोंधळ घातला. भला माणूस, शिडी उतरून मोठ्या बाईंना सांगायला गेला. म्हटलं उद्या फोटो वर जायचा, बाईंना बोलणी नकोत.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हसल्या. चूकबिक काही नव्हती. मागच्या परीक्षेत तिसरीच्या शंभरातल्या चाळीस पोरांनाच भागाकार आला, वर्तमानपत्रात छी-थू झाली, म्हणून वर समिती बसली आणि समितीनं भागाकार चौथीत नेला. आता तिसरीचा निकाल नव्वदच्या वर. हे सांगताना बाईंचा चेहरा असा होता की जणू नव्वदही पोरांचे पेपर त्यांनी स्वतः सोडवलेत.

पेंटर म्हणाला, "म्हणजे पोरांना यायला लागला नाही."

"अहो, आता यायची गरजच नाही ना. तुम्ही अक्षर जरा मोठं काढा. सहाच ओळी आहेत, जागा भरपूर."

तो परत शिडीवर चढला खरा, पण ब्रश काही हातात धरवेना. कारण तिसरीत त्याची पोरगी होती. टिकली.

टिकलीला पहिल्या सहामाहीत लाल चिठ्ठी मिळाली होती. ‘अपेक्षित पातळीच्या खाली.’ त्या चिठ्ठीनं घरात सुतक आल्यासारखं झालं होतं. बायकोनं तिला रोज पाढे म्हणायला बसवलं, ह्यानं काम सोडून दोनदा शाळेत चकरा मारल्या. आणि आठ दिवसांपूर्वी अचानक हिरवी चिठ्ठी आली. ‘अपेक्षित पातळी गाठली.’ ह्या बाबानं ती चिठ्ठी रंगाच्या दुकानात दाखवली, सुताराला दाखवली, ज्याच्याशी दोन वर्षं बोलणं बंद होतं त्या चुलतभावालाही दाखवली. सगळ्यांना घरी बोलावून आइस्क्रीम खाऊ घातलं. टिकली मात्र गप्प होती. ती लाजली असेल, असं त्याला वाटलं होतं.

आता शिडीवर त्याचे कान गरम झाले. पोरगी तीच, वही तीच, चुका त्याच. जागचं हललं होतं ते भिंतीवरचं. आणि ते हलवायला ब्रश कुणाचा, तर बापाचा. स्वतःच्या पोरीला फसवायचं काम त्यानं स्वतःच घेतलं होतं, वर काम देणाऱ्या ठेकेदाराला थँक्यू म्हणून.

त्याच्या धंद्यात ह्याला एक साधी गोष्ट लागू होती. भिंतीला ओल आली की वरून रंग मारून द्या म्हणणारं गिऱ्हाईक रोज भेटतं. तो मारत नसे. खरवडून काढू, वाळू देऊ, कुठून पाझरतंय बघू, मग रंग. त्यापायी कामं गेली होती, पण त्यानं कधी ओलीवर हात फिरवला नव्हता. आणि इथं अख्खं सरकार ओलीवर रंग मारत होतं, ते पण अक्षर मोठं काढून.

मधल्या सुट्टीत त्यानं तिसरीच्या बाईंना गाठलं. तरुण बाई, खडूनं बोटं पांढरी झालेली. त्यांनी आधी इकडं तिकडं बघून घेतलं आणि मग त्या हळू आवाजात बोलल्या. भागाकार दोन आठवडे घेतला होता, पोरांना जरा जरा लागायला लागला होता, तेवढ्यात नवा कागद आला. आता रोजचा तक्ता भरावा लागतो. आज कुठल्या नंबरची ओळ शिकवली, ते. फळ्यावर त्या ओळीबाहेरचं काही दिसलं तर लेखी खुलासा. मोठ्या बाई तासाला व्हरांड्यातून फेरी मारतात आणि फळे बघत जातात.

"मग ते अर्धवट राहिलेलं?" पेंटरनं विचारलं.

"पुढच्या वर्षी चौथीत घेतील." बाई म्हणाल्या. त्यांना पुढं काहीतरी बोलायचं होतं. मग घंटा झाली आणि त्या गेल्या.

दुपारी शिक्षण खात्याचे साहेब आले. गाडीतून उतरले, भिंतीकडे बघितलं, बरोबरच्या माणसानं मोबाइल काढला. प्रत्येक शाळेचा एक फोटो लागत होता. नवी भिंत, आणि भिंतीपुढं पातळी गाठलेलं एक मूल. मोठ्या बाईंनी टिकलीला पुढं केलं. केस नीट होते म्हणून, आणि बाप समोरच असला की पोर रडत नाही म्हणूनही. हातात छडी दिली, ओळीवर टेकव म्हणाल्या.

पहिली, दुसरी, पाचवी लिहून झाली होती, तिसरीची चौकट मात्र अजून कोरीच होती. मोठ्या बाई वैतागल्या. सकाळपासून काय करताय, असं काहीतरी पुटपुटल्या.

पेंटर खाली उतरला. हात पुसले. बोलायचं नाही असं त्यानं दहा वेळा ठरवलं होतं. तरी तोंडातून निघालंच. "साहेब, भागाकाराची ओळ मागच्या वेळी तिसरीत होती. मीच लिहिली होती."

साहेब वाईट माणूस नव्हते. थकलेले होते, सकाळपासूनची ही सहावी शाळा. त्यांनी समजावून सांगितलं की हे तज्ज्ञ ठरवतात, अभ्यास करून ठरवतात, लहान मुलांवर ओझं नको असा विचार आहे. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचं शिक्षण किती?"

"सातवी. नापास."

मोबाइलवाला हसला. मोठ्या बाईही हसल्या, साहेब आहेत म्हणून.

"नापास, पण भागाकार येतो," पेंटर म्हणाला. "तिसरीत शिकलो, असल्याच शाळेत. एकशे पंधरा सेंटीमीटर उंची, सात ओळी. ओळीला सोळा, बाकी तीन. अठ्ठावीस वर्षं तेवढ्यावर घर चाललंय. बाकी सगळं विसरलो. ते काढून घेतलं असतं तर मला भिंत पांढरी करण्यापलीकडे काय आलं असतं?"

साहेबांना ते जरा लागलं. इतक्या लोकांत ऐकून घ्यायचं म्हणजे. ते टिकलीकडे वळले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "बरं, बाळ, तूच सांग. एकशे पंधरा भागिले सात."

खरं बोलायला निघालेला बाप, आणि किंमत कोण देणार तर पोरगी. तो दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. "तिला नका विचारू साहेब. शिकवलं नाही ते विचारायचं नसतं."

पण टिकली त्याच्या कमरेपाशी वळसा घालून पुढं आली. तिनं छडी भिंतीला टेकवली आणि बोटानं हवेत आकडे काढले.

"अकरात सात एकदा," ती म्हणाली. "चार उरले. त्याच्या शेजारी पाच आहे. त्याचं काय करायचं ते मला येत नाही. बाई तिथपर्यंतच आल्या होत्या."

व्हरांड्यात तिसरीच्या बाई हजेरीपट छातीशी धरून उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली.

साहेबांनीच मग वेळ मारून नेली. "बघा. येत नाही ना? म्हणूनच तर पुढच्या इयत्तेत नेलंय."

"येत नाही म्हणून शिकवायचं असतं," पेंटर म्हणाला. "येत नाही म्हणून पुसायचं नसतं."

साहेबांनी घड्याळ बघितलं. फोटो दुसऱ्या एका मुलाचा निघाला, पाचवीच्या चौकटीपुढं. गाडी गेली. मग मोठ्या बाईंनी आवाज चढवला. संध्याकाळच्या आत तिसरी पूर्ण झाली पाहिजे. पेंटर म्हणाला, बाकी चारही इयत्ता करून देतो, तिसरीला हात लावणार नाही. चौथीत ती आठवी ओळही काढतो, तिथं ती असायला माझी ना नाही, पण तिसरीतून ती गेली हे माझ्या हातानं होणार नाही. बाई म्हणाल्या, तुमच्यासारखे छप्पन पेंटर मिळतात. तो म्हणाला, मिळतात. आणि चार चौकटी पुऱ्या करून, ब्रश धुऊन, शिडी खांद्यावर टाकून निघाला. वळून बघितलं तेव्हा शिपाई मधल्या पांढऱ्या चौकटीवर छापील कागद चिकटवत होता. तिरका चिकटवला. पेंटरला तेही बघवलं नाही.

संध्याकाळी त्यानं टिकलीला वही घेऊन बसवलं. म्हटलं, साहेबाची काय गरज, मी शिकवतो. पण घोडं तिथंच अडलं. उत्तर त्याच्या जिभेवर होतं, सात सोळे एकशे बारा, उरले तीन. ते सोळा कागदावर येतात कसे, विचारल्यावर त्याला सांगता येईना. तो पाच खाली का आणायचा, चारच्या शेजारीच का ठेवायचा? अठ्ठावीस वर्षांत पायऱ्या झिजून गेल्या होत्या, वरचा मजला तेवढा राहिला होता.

"पप्पा, तुम्ही पाठ असलेलं सांगताय," टिकली म्हणाली. "बाई सांगतात तसं नाही."

बायको दारातून बघत होती. "साहेबाला गप्प करायला निघाला होतात," ती म्हणाली, "वहीनंच तुम्हाला गप्प केलं." मग शेजारी येऊन बसली. तिनंही बघितलं. तिलाही आठवेना. दोघं मोठी माणसं त्या वहीपुढं पोरासारखी बसून राहिली, आणि टिकली दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. शेवटी तिनं वही मिटली. उद्या लवकर जाते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेंटरला शाळेसमोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी होती. शिडी लावून तो वर चढला तेव्हा शाळा भरायला अर्धा तास होता. टिकली एकटीच फाटकातून आत गेली. वर्गाच्या उघड्या दारातून त्याला सगळं दिसत होतं. बाई टेबलाशी बसून कालचा तक्ता भरत होत्या. टिकलीनं वही त्या तक्त्यावरच उघडून ठेवली. आणि अडलेल्या पाचावर बोट ठेवून उभी राहिली.

बाईंनी वहीकडे बराच वेळ बघितलं. मग बाहेर व्हरांड्यात येऊन दोन्ही बाजूंना नजर टाकली. आत गेल्या. एक खुर्ची टेबलाजवळ ओढली, टिकलीला बसवलं, फळ्याला हात लावला नाही, वहीतच काहीतरी काढायला सुरुवात केली. मग पुन्हा उठल्या.

वर्गाचं दार आतून हळूच लोटलं गेलं. कडीचा आवाज रस्त्याच्या ह्या बाजूला शिडीवरही ऐकू आला.