नायकाची आई, वय एकोणतीस

शर्वाणिकाचा एकोणतिसावा वाढदिवस यंदा आठव्यांदा साजरा झाला.

चेन्नईतल्या वळसरवाक्कमच्या त्या घरात वाढदिवसाची तयारी सोपी असे. स्वयंपाकघरातल्या खणात, फ्यूजच्या तारेशेजारी, दोन आणि नऊ आकड्यांच्या मेणबत्त्या ठेवलेल्या असत. दरवर्षी त्या पेटवायच्या, फोटो काढून होईपर्यंत जळू द्यायच्या, फुंकायच्या आणि पुसून परत खणात ठेवायच्या. इतक्या वर्षांत दोनचं डोकं वितळून गेलं होतं आणि तो आता लांबून एकच्या आकड्यासारखा दिसत होता.

“बरंच झालं,” तिची अम्मा सोर्णम्माळ म्हणाली. “एकोणीसलाही चालून जाईल. टाकू नका गं.”

शर्वाणिकानं केक कापला, तुकडा ओठांपर्यंत नेला, फोटो निघाल्यावर खाली ठेवला. तिच्या वाट्याला सकाळची दीड इडली होती आणि ती खाऊन झाली होती.

ती छत्तीस वर्षांची होती. ही गोष्ट घरातल्या चौघांनाच ठाऊक होती. अम्मा, तिचा भाऊ तंगवेल, तंगवेलची मुलगी कुयिली आणि ती स्वतः. चौथीचं मत या घरात कुणी विचारत नसे. वहिनी गेल्यापासून कुयिलीला तिनंच वाढवलं होतं, दोन शूटिंगांच्या मधल्या वेळात, गालांवर पावडरचे तीन थर असताना. मूळची शर्वाणिका सावळी होती. मूळची तर ती शर्वाणिकाही नव्हती. तिरुनेलवेलीकडच्या एका खेड्यात तिचं नाव पेच्चियम्माळ ठेवलं गेलं होतं. पडद्यावरचा आवाज तिचा नव्हता, तो मैलापूरच्या एका बाईंचा होता. थोडक्यात, तमिळनाडूची लाडकी शर्वाणिका कित्येकांच्या मेहनतीनं बनली होती आणि तिच्यात पेच्चियम्माळचा वाटा फारच थोडा होता.

ती पडद्यावर आली नवव्या वर्षी, चिरतरुण इन्बराज यांची मुलगी म्हणून. चिरतरुण ही पदवी चाहत्यांनी दिली होती आणि इन्बराज ती फार मनावर घेऊन बसले होते. त्या चित्रपटात ते तिला खांद्यावर घेऊन पुरातून चालले होते. सहा वर्षांनी, ती पंधरा वर्षांची असताना, त्याच माणसाच्या नायिकेचं काम तिला मिळालं. मधल्या काळात तिला उंची आली होती. इन्बराज यांना टोप आला होता. पुढे त्या जोडीचे अकरा चित्रपट झाले आणि मुलीची नायिका कशी झाली हे लोकांनी विचारलं नाही. तिकिटं काढली.

आता इन्बराज सरकारी कागदांवर एकसष्ट वर्षांचे होते, चाहता मंडळाच्या फलकांवर अडतीस आणि येत्या चित्रपटात सत्तावीस.

केक पुरा कापून होण्याआधीच त्या येत्या चित्रपटाचा दिग्दर्शक आधवन आला. हातात पुष्पगुच्छ आणि बगलेत फाइल.

“मॅडम, जन्मात एकदाच मिळते अशी भूमिका आणलीय.”

“कोणाची?”

“आईची.”

“कोणाच्या आईची?”

आधवननं खिडकीबाहेर पाहिलं. “सरांच्या.”

शर्वाणिका थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसली. “म्हणजे माझा मुलगा जन्मला तेव्हा मला जन्माला यायला अजून पंचवीस वर्षं होती.”

“पांढरा विग आहे, मॅडम. जमतं.”

“आणि नायिका कोण?”

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कुयिली उभी होती, कंपासपेटी घेऊन, केकचा तुकडा मिळतो का बघायला.

तंगवेलला आनंद आवरेना. “अगं, नात्यातसुद्धा बसतं! तू त्याची आई. मी तुझा भाऊ, म्हणजे त्याचा मामा. मामाची मुलगी म्हणजे आपल्यात हक्काची बायको! देवानंच जुळवून आणलंय बघ.”

एकसष्ट वर्षांच्या माणसानं पंधरा वर्षांच्या मुलीबरोबर प्रेमगीतं म्हणायची, आणि ते नात्यात बसतं म्हणून देवाचे आभार मानायचे, असं म्हणणारा बाप शोधून सापडला नसता. पण शोधायची गरज नव्हती. तो समोर केक खात होता.

“अप्पा, मी पंधरा वर्षांची आहे,” कुयिली म्हणाली.

“एकोणीस,” अम्मा म्हणाली आणि मेणबत्त्या पुसायला घेतल्या.

“मुहूर्त कधीचा?” शर्वाणिकानं विचारलं.

“येत्या बुधवारी, सकाळी साडेदहा. सरांच्या ज्योतिष्यांनी काढलाय. तो चुकला तर आठ महिने नाही.”

“बुधवारी माझा गणिताचा पेपर आहे,” कुयिली म्हणाली. “दहावीचा. दहा वाजता.”

तंगवेल मोठ्यानं हसला. “पेपर काय, दरवर्षी असतो. तुझ्या अत्तैनं तरी कुठे दिला? उपाशी मेली का?”

शर्वाणिकानं स्वतःच्या ताटलीतल्या न खाल्लेल्या केककडे पाहिलं. उत्तर तिथंच होतं, पण तंगवेलला वाचता आलं नाही.

“अत्तै, मला नाही करायचं,” कुयिली म्हणाली. तिनं ते आत्यालाच सांगितलं, कारण बाकी दोघं आधवनला कॉफी विचारत होती.

*

देवघरात पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, तसबिरीमागे एक घडी घातलेला कागद होता. दर शुक्रवारी अम्मा त्याला कुंकू लावायची. शर्वाणिकाचं पहिलं मोठं काम जमलं त्या आठवड्यात तो तिथं आला, म्हणून तो शुभ, एवढंच अम्माला माहीत होतं. तो उघडून मात्र तिनं कधी पाहिला नव्हता.

शर्वाणिकानं तो त्या दुपारी उघडला. एकवीस वर्षांच्या कुंकवाखाली अजून वाचता येत होतं. दहावीच्या परीक्षेचं प्रवेशपत्र, नाव पेच्चियम्माळ. खरी जन्मतारीख. दोन वेण्या घातलेल्या एका सावळ्या मुलीचा फोटो. पंधरा वर्षांच्या त्या मुलीला परीक्षेच्या आदल्या दिवशी शूटिंगसाठी उटीच्या गाडीत बसवलं होतं आणि सांगितलं होतं, पेपर काय, पुढच्या वर्षी दे. ज्या कागदानं तिला परीक्षेला बसता आलं असतं, त्याचीच घरात पूजा चालली होती. आपल्याकडे बायकांचीही बऱ्याचदा अशीच पूजा होते.

तिनं कागद पर्समध्ये ठेवला. कुणाला काही बोलली नाही. इतक्या वर्षांत न बोलण्याचा तिला चांगला सराव झाला होता. बोलायला मैलापूरच्या बाई होत्या.

*

बुधवारी तंगवेल आणि अम्मा पहाटेच स्टुडिओत गेले. दृष्ट काढून फोडायचा कोहळा, हार, कापूर, लिंबं, सगळं त्यांच्याबरोबर. मागून गाडीतून अत्तै आणि भाची यायच्या होत्या. गाडीचा ड्रायव्हर तंगवेलचा माणूस. तो पुढच्या दाराशी आरसे पुसत राहिला आणि दोघी मागच्या दारानं बाहेर पडल्या. एकीच्या अंगावर शाळेचा गणवेश, दुसरीच्या अंगावर सुती साडी आणि चेहऱ्यावर काहीही नाही.

कोपऱ्यावर मिळालेल्या ऑटोच्या पाठीवर इन्बराज यांचं चित्र होतं, त्यांच्या खांद्यावर मान टेकलेली शर्वाणिका होती आणि खाली ‘चाहता मंडळ, शाखा एकशे बारा’ असं लिहिलं होतं. मागच्या सीटवर दुधाचा दहा लिटरचा कॅन.

“तेवढा पायाशी घ्या, अक्का,” ऑटोवाला म्हणाला. “तलैवरच्या, आपल्या इन्बराज सरांच्या, कटआउटला अभिषेक आहे. तुम्हाला सोडतो आणि पळतो.” मग आरशात पाहून, “तुम्ही थोड्या शर्वाणिकासारख्या दिसता. नाकाजवळ. पण ती गोरी आहे. आणि आवाज कसा, मधासारखा!”

“खरंय,” शर्वाणिका स्वतःच्या आवाजात म्हणाली.

“आजच्या मुहूर्ताला नवी पोरगी येतेय म्हणे. एकोणीस वर्षांची.”

“तुम्हाला मुलगी आहे का?”

“आहे की. नववीला. हुशार आहे.”

“उद्या कुणी तिला पेपरातून उठवून एकसष्ट वर्षांच्या माणसाची बायको करायला मागितली तर?”

“तंगडी तोडीन त्याची!” ऑटोवाल्यानं हॉर्नही वाजवला. तिसऱ्या सिग्नलला त्यानं आरशात कुयिलीकडे पाहिलं, तिच्या कंपासपेटीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “सिनेमातलं वेगळं असतं, अक्का.”

“पेपर खरा असतो,” कुयिली म्हणाली.

दहाला बारा मिनिटं कमी असताना कुयिली शाळेच्या फाटकातून आत गेली. मुख्याध्यापिकेनं नाव तपासता तपासता शर्वाणिकाला विचारलं, “तुम्ही आई का?”

“मुलीची अत्तै. आई मी दुसऱ्या कुणाचीतरी होणार होते.”

फाटकाशी एक महिला शिपाई खुर्ची टाकून बसली होती. शर्वाणिका तिच्या शेजारी उन्हात उभी राहिली. ऑटोवाला जातो म्हणत होता, पण गेला नाही.

अकरा वाजता तंगवेल आला, कपाळावर मुहूर्ताचं गंध घेऊन.

“बाहेर काढ तिला! सर खुर्चीत बसून आहेत, कापूर संपला, ज्योतिषी घरी गेला!”

“सव्वाएकपर्यंत कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही,” शिपाईबाई म्हणाली.

“मी तिचा बाप आहे!”

“आत तीनशे मुली आहेत. सगळ्यांना बाप आहेत. ओरडू नका, पेपर चालू आहे.”

तंगवेल बहिणीकडे वळला. “तुझा बाजार उठला, म्हणून पोरीचाही उठवतेस? जळतेस तू तिच्यावर!”

“हो, जळते,” शर्वाणिका म्हणाली. “तिच्या हातात पेपर आहे, म्हणून जळते. मला तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी दे. एकवीस वर्षं झाली, तंगवेल. पुढचं वर्ष आलंच नाही.” तिनं पर्समधला कागद काढून त्याच्यापुढे धरला. कुंकू त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं. “आईचं काम मी करणार नाही. आणि कुयिली सज्ञान होऊन स्वतः मागेपर्यंत कसलंच काम करणार नाही. जाऊन सांग तुझ्या भाच्याला.”

“कोणत्या भाच्याला?”

“एकसष्ट वर्षांच्या.”

तोवर स्टुडिओतले सगळे कॅमेरे तिथं पोचले होते, कारण तिकडे फोडायला फक्त कोहळा उरला होता. तिनं त्यांना सगळं सांगितलं. मुलीचं वय पंधरा, आज गणित, नायक एकसष्ट. कुणी लिहून घेतलं नाही. शेवटी एकानं विचारलं, “आणि मॅडम, तुमचं?”

“छत्तीस.”

आता मात्र सगळ्यांनी लिहून घेतलं.

“छत्तीस?” ऑटोवाला मागून कळवळला. तेव्हाच त्याला ती ओळखू आली. “माझ्या बायकोपेक्षा मोठी!” तो ऑटोच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. बाराच्या सुमारास कॅनमधलं दूध नासलं, तेव्हा त्यानं ते गटारात ओतलं. कटआउटवर ओतलं असतं तरी वाहत तिथंच गेलं असतं.

सव्वाएकला घंटा झाली आणि कुयिली बाहेर आली. बाप निघून गेला होता. तिच्या बोटांना निळी शाई लागली होती.

“कसा गेला?”

“बरा. वयांवरचं एक गणित होतं. बापाचं इतकं, मुलीचं इतकं. माझं उत्तर उणे आलं, अत्तै. दोनदा केलं तरी उणे.”

“मग?”

“मग पाहिलं, तर सुरुवातीलाच वय चुकीचं धरलं होतं. घरातली सवय. खरं घेतलं, लगेच सुटलं.”

*

संध्याकाळच्या बातम्यांत पंधरा हा आकडा कुठेच नव्हता. छत्तीस सगळीकडे होता. तीन ठिकाणी शर्वाणिकाचे पुतळे जाळले, फसवणुकीबद्दल. एका वाहिनीवर चार पुरुषांनी तासभर चर्चा केली की बाईनं वय लपवावं का. त्यातल्या दोघांनी टोप घातले होते. निर्मात्यांच्या संघटनेनं तिला काम न देण्याचं ठरवलं. अम्मा आणि तंगवेल घर सोडून गेले, मेणबत्त्या बरोबर घेऊन. मग अम्मा एकटीच परत आली, कारण तंगवेलला दोसे करता येत नाहीत. ती अजून कुणाशी बोलत नाही, पण शुक्रवारी देवघरात गेली की तसबिरीमागे हात घालते आणि रिकामा बाहेर काढते.

तो कागद पेच्चियम्माळनं दहावीच्या खासगी परीक्षेच्या अर्जाला जोडला आहे. जन्मतारखेच्या रकान्यात तिनं खरी तारीख लिहिली, तेव्हा खिडकीतल्या कारकुनानं दोनदा वर पाहिलं आणि विचारलं, “नक्की?” गणित तिला कुयिली शिकवते. रागावून शिकवते.

चित्रपट मात्र थांबला नाही. चौथ्या दिवशी दुसरी मुलगी मिळाली. एकोणीस वर्षांची, असं सांगतात. नायकाची आई म्हणून तेहतीस वर्षांची एक बाई मिळाली. चित्रपट पन्नास दिवस चालला, आपल्याकडेही लागला होता. तुम्ही कदाचित सहकुटुंब पाहिलाही असेल. पहिल्या गाण्यात ती नवी मुलगी हात जोडून वळते, तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर निळ्या शाईचा डाग आहे. मेकअपवाल्याच्या नजरेतून तो सुटला.

कुयिलीला तो पहिल्या क्षणी दिसला. तुम्ही काय पाहत होतात?