नाकाची पापणी

मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे. चेहऱ्यावर बसणारं रबराचं अंग, दोन्ही गालांवर दोन गोल डब्या, त्यांत धूळ अडवणाऱ्या गाळण्या आणि डोक्यामागे ताणायचे पट्टे, एवढाच माझा पसारा. मला घातलेला माणूस मुंगळ्यासारखा दिसतो, हे मला मान्य आहे. पण देवाघरून जो तो आपलं काम घेऊन येतो. मी श्वास राखायचं काम घेऊन आलो.

माझा जन्म गरम साच्यात झाला. निवल्यावर एका बाईनं माझ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि शेजारणीला म्हणाली, "छान बसेल हा. बघू, कुणाच्या नशिबी आहे ते." मी हरखलो. खोक्याच्या अंधारात मला एकच घोर लागला होता, कधी एकदा कुणाच्या उपयोगी पडतो!

मी पोचलो दगड घडवण्याच्या शेडमध्ये. तिथं पायऱ्या, खांब, उंबरे घडत. छिन्नी पडली की दगडातून पिठासारखी धूळ उठे. जाडी धूळ खाली बसते. डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ मात्र छातीत जाऊन बसते आणि तिथून उठायचं नाव घेत नाही.

मला ज्यांच्या हाती दिलं, त्यांना सगळे बुवा म्हणत. शेडमधले सर्वांत जुने कारागीर ते, आणि गळा असा गोड की दगडालाही पाझर फुटावा. बुवा देवाच्या गाण्याची एक ओळ म्हणत, बाकीचे ती उचलून धरत, आणि सगळ्यांचे हातोडे एका तालात पडत. काम भजन होऊन जाई.

पहिल्या दिवशी बुवांनी मला चढवलं आणि ओळ सुरू केली. बाहेर आलं ते नुसतं घूंऽऽ. शेजारच्या कारागिराला मोठ्या आवाजामुळे भोंगा म्हणत. तो हातोडा ठेवून खो खो हसत सुटला.

"बुवा, घोड्यासारखा तोबरा बांधलाय की मडक्यात तोंड घालून गाताय?"

बुवाही हसले आणि त्यांनी मला खाली ओढून गळ्यात सोडलं. बाकीच्यांनी ते पाहिलं, आणि एकेक मास्क हनुवटीखाली उतरला. "बुवांना इतक्या वर्षांत काही झालं नाही, मग आपल्याला काय धाड भरलीय?" असं जो तो म्हणू लागला. आणि बुवा म्हणत, "ज्यानं छाती दिली, तो तिची काळजी घेईल."

मित्रांनो, ती धूळ वाईट हे कुणाला ठाऊक नव्हतं, असं नाही. पण धूळ खूप वर्षांनी मारते आणि हसणारे आत्ता हसतात. माणूस आधी हसण्याला भितो.

मी मात्र गळ्यात लोंबकळत तळमळत होतो. बुवांच्या छातीतली बारीक शीळ मला ऐकू येत होती. आधी ती फक्त जिना चढताना वाजे, मग बसल्या जागीही वाजू लागली. सांगू कुणाला? मला तोंडच नाही. मी झाकतो ते दुसऱ्याचं.

एकदा मुकादमानं बजावलं, "मास्क नाही तर काम नाही." बुवांनी तोड काढली. माझे पट्टे सैल केले, हनुवटीपाशी दोन बोटांची फट ठेवली आणि त्या फटीतून गाणं बाहेर सोडलं. "घातलाय की!" ते खुशीत म्हणाले. सगळ्यांनी तीच युक्ती उचलली. अहो, ज्या वाटेनं गाणं बाहेर जातं, त्याच वाटेनं धूळ आत येते! माझ्या गाळण्या कोऱ्या करकरीत राहिल्या आणि जीव खालीवर होत राहिला.

मग एके दिवशी वरची ओळ उचलताना बुवांचा श्वास मध्येच तुटला. खोकल्याची उबळ थांबेना. सगळ्यांचे हातोडे हवेतच थांबले.

डॉक्टर म्हणाले, "गेलेला दम परत येणार नाही. उरलाय तो राखा."

त्या संध्याकाळी मी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून बुवांच्या घरी गेलो. मांडीवर नात घेऊन बुवा अंगाई म्हणू लागले आणि दुसऱ्याच ओळीला अडकले.

"आजोबा, पुढचं म्हणा ना!"

बुवा दम घेऊ लागले. त्यांच्या बायकोनं मला पिशवीतून काढलं, उलटसुलट करून पाहिलं.

"हा नवाच्या नवाच कसा?"

"अगं, त्यात गाता येत नाही. आणि देव आहे की राखायला."

"देवानं डोळ्यांना पापणी दिली, ती कशाला? धूळ आली की मिटावी म्हणून. तुम्ही कधी म्हणालात, देव बघून घेईल, मी डोळे उघडे ठेवतो? नाकाची पापणी माणसाकडून करवून घेतली त्यानं. ती गळ्यात बांधून हिंडता होय?"



दुसऱ्या दिवशी माझी कड गालाला नीट चिकटावी म्हणून बुवांनी दाढी गुळगुळीत केली आणि माझे पट्टे घट्ट ओढले. फट मिटली. शेडमध्ये गाणं नव्हतं. हातोडे वेडेवाकडे पडू लागले. भोंगा म्हणाला, "काय बुवा, आज तोब..." आणि बुवांच्या डोळ्यांकडे पाहून त्यानं शब्द गिळला. बुवांनी छिन्नीवर नुसता ताल धरला, ठक ठक ठाक. भोंग्यानं थोडा वेळ ऐकलं. मग आपल्या मास्कचे सैल पट्टे घट्ट ओढून त्यानं आतूनच ओळ लावली, घूंऽऽ. बाकीच्यांनीही पट्टे ओढले आणि शेडभर भुंगे घुमू लागले. खरं गाणं आता जेवणाच्या सुट्टीत होतं, बाहेर, उघड्या हवेत. बुवांचा श्वास तुटतो तिथून भोंगा ओळ पुढे नेतो. बेसूर, पण मनापासून.

आता माझं रबर ताठरलंय. बुवांच्या चेहऱ्यावर नवा मास्क असतो आणि मी त्यांच्या घरी दाराजवळच्या खिळ्यावर. पण स्वस्थता नाही. नव्याच्या नशिबी फट तर येणार नाही ना, या विचारानं दिवसभर घालमेल होते. संध्याकाळी बुवा येतात. नात मांडीवर चढते आणि त्यांच्या गालावरून, नाकावरून, हनुवटीखालून बोट फिरवते. घट्ट बसलेल्या मास्कचा लाल वळ तिथं असतो.

"आज्जी, आहे गं!" ती ओरडते. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडतो.

मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी धुळीत, धुरात कामाला जात असेल, तर संध्याकाळी त्यांचा चेहरा नीट पाहा. वळ दिसला तर त्यावरून मायेनं हात फिरवा. नसला, तर रागावू नका, हसू तर मुळीच नका. मांडीवर बसा आणि अख्खं गाणं म्हणायला सांगा.